तंबूतले व्याही

अकरा जुलैला संध्याकाळी समुद्रकाठच्या पहिल्या कॅम्पिंगच्या तळावर आम्ही एका रात्रीचे एकोणतीस युरो चाळीस भरले. दोन माणसे, दोन सायकली, एक तंबू. पावती मी मागून घेतली. त्या पैशांत आम्हाला कचऱ्याच्या चार डब्यांना लागून डबलबेडएवढी जागा मिळाली. जागेवरून समुद्र दिसतो असे काउंटरवरच्या बाईंनी हातवारे करून सांगितले होते. दिसत होता, पण डब्यावर चढल्यावर.

व्याह्यांनी जागा पाहिली, डबे पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. वाराही येतो."

वारा डब्यांवरून येत होता.

आमच्या व्याह्यांचे हे असेच आहे. ते मुलीचे वडील आणि मी मुलाचा. मुलाच्या बाजूला नाही म्हणायचे नाही, हे त्यांनी लग्नाच्या बोलणीत एकदा मनाशी ठरवले आणि त्याला आता सहा वर्षे झाली. त्या बैठकीत माझ्या चुलत भावाने गमतीने विचारले होते, "सायकलवाले तुम्ही, मग वऱ्हाड सायकलवरून नेणार का?" व्याह्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "नेऊ. किती लागतील?" आमच्या घरी हिने त्यांना पहिल्या दिवशी तीन चमचे साखरेचा चहा दिला. त्यांनी तो वाखाणला, म्हणून ती दर वेळी तसाच देत राहिली. त्यांना मधुमेह आहे हे आम्हाला दोन वर्षांनी सूनबाईकडून कळले.

त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दहा बाय आठ, एका बाजूला चष्म्यांचे दुकान, दुसऱ्या बाजूला लाँड्री. एकेचाळीस वर्षे ते सकाळी साडेआठला शटर उघडतात, दाराबाहेर एक जुना टायर टांगतात, पंक्चर बघण्याच्या घमेल्यात पाणी भरतात आणि बसतात. गिऱ्हाइकांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. दुखणे लक्षात राहते. चिठ्ठीवर ते तेच लिहितात आणि माणसालाही त्याच नावाने ओळखतात. सूनबाईच्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्यासाठी बावीस वर्षे "ढिलं हँडल" होत्या. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना ते विचारायचे, "ढिल्या हँडलने काय शेरा दिलाय?"

आता आम्ही त्या तळावर कसे पोहोचलो ते सांगतो. माझा मुलगा नोकरीसाठी परदेशी असतो. मे महिन्यात नातू झाला. मदतीला दोघी विहिणी गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आम्ही दोघे आजोबा. मी माझी साठवलेली रजा काढली, कारण येत्या मार्चमध्ये निवृत्त झाल्यावर ती फुकट जाणार होती. मुलाचे घर दोन खोल्यांचे. त्या दोघींचे बाळाच्या तेलावर एकमत नव्हते, टोपीवर नव्हते, कुशीवर झोपवायचे की पाठीवर यावर तर मुळीच नव्हते. एकाच गोष्टीवर त्यांचे ताबडतोब एकमत झाले, ती म्हणजे आजोबा पायांत येतात.

तेव्हा मुलाने दोन जुन्या सायकली आणल्या, एक तंबू आणला आणि चौदा दिवसांचा नकाशा काढून दिला. "समुद्राकाठचा रस्ता आहे, सपाट असतो," तो म्हणाला. तो स्वतः त्या रस्त्याने गाडीतून गेला होता.

"व्याहीबुवा, येणार ना?" मी विचारले.

"येणार म्हणजे? येणारच."

निघायच्या आदल्या दिवशी मुलाने मला जिन्यात गाठले. "बाबा, एक काम करा. त्यांना दुकान बंद करायला सांगा. वय सहासष्ट, गुडघे वाजतात, आणि दुकान आहे म्हणून ते दोघं इथे महिन्याच्या वर राहत नाहीत. शेजारचा चष्मेवाला चांगली किंमत देतोय. पैसे त्यांचे त्यांना राहतील. मी जावई, मी कसं बोलणार? तुम्ही म्हणालात तर ते नाही म्हणणार नाहीत."

मुलाचे म्हणणे चूक नव्हते. मी आयुष्यभर खरेदी खात्यात बिले तपासली आहेत. दोन्ही बाजूंना फायदा होणारा व्यवहार मला पाहिल्याबरोबर कळतो. मी हो म्हटले. चौदा दिवसांत एक दुकान बंद करायचे, एवढेच काम होते.

पहिल्याच चढावर व्याही उतरून सायकल ढकलू लागले. मीही उतरलो. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी कबूल केले की गेल्या तेवीस वर्षांत ते सायकलवर बसलेले नाहीत.

"अहो, तुमचं दुकानच सायकलींचं."

"मिठाईवाला मिठाई खातो का, साहेब?"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमची इच्छा दिसली."

माझी काही इच्छा नव्हती. मला वाटले होते त्यांची आहे.

तळांबद्दल लिहिले पाहिजे, कारण आमच्याकडे कोणी सांगितले तर खरे वाटणार नाही. जुलै महिन्यात तो सगळा देश घर सोडून समुद्राकाठी येतो आणि तिथे घरापेक्षा दाटीने राहतो. माणसे मोटारीमागे खोली ओढत आणतात. त्या खोलीपुढे छत लावतात, छताखाली टेबल, टेबलावर टेबलक्लॉथ, शेजारी फ्रीज, फुलांची कुंडीसुद्धा. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एक हात जागा, आणि तिथून तंबूच्या दोऱ्या अशा आडव्यातिडव्या गेलेल्या की अंघोळीला जायचे तर कवायत करावी लागते. अंघोळीच्या खोल्या सोळा, माणसे नऊशे. ही आकडेवारी माझी आहे, मी पाट्या मोजल्या होत्या. शौचालयाला जाताना कागदाची गुंडाळी ज्याने त्याने काखेत घेऊन, ओळखीच्यांना हात करत जायचे. व्याह्यांना पहिले दोन दिवस ते जमले नाही. ती गुंडाळी ते टोपीत लपवून नेत, आणि मग टोपी हातात पाहून, हे आपल्याला टोपी काढून नमस्कार करताहेत असे समजून समोरचा प्रत्येक जण उलट मान झुकवी. त्यांना पोहोचायला फार वेळ लागे.

रांगेतही आमची पंचाईत. आमचा नंबर आला की मी म्हणे, "जा तुम्ही." ते म्हणत, "छे छे, आधी तुम्ही." तेवढ्यात मागचा माणूस आम्हा दोघांच्या मधून आत जाई. पहिल्या दिवशी आमच्या सौजन्यामुळे सात जणांची अंघोळ झाली. तंबू दीड माणसाचा. सहा वर्षांत मी त्यांना कधी बिनशर्टाचे पाहिले नव्हते, आणि आता आमच्या उशा एकमेकांना चिकटलेल्या. मला पाय लांब करता यावेत म्हणून ते गुडघे पोटाशी घेऊन झोपत, आणि त्यांना संकोच नको म्हणून मीही तसाच. तंबूचा खालचा निम्मा भाग दोन्ही व्याह्यांच्या सौजन्याने रिकामा होता.

तिसऱ्या मुक्कामाला आम्ही एका मोठ्या तळावर आलो. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी अडकवून हिंडत. कोणी दोरीवर जास्त कपडे वाळत घातले, शिट्टी. मुले पळाली, शिट्टी. आम्हाला त्यांनी भांडी घासायच्या नळांमागची जागा दिली. शेजारी एक भलामोठा गृहस्थ, उन्हाने सोलून निघालेला, बायको आणि हवा भरलेल्या रबरी मगरीसह राहत होता.

संध्याकाळी आम्ही पाव आणि टोमॅटो खात होतो. तो गृहस्थ सायकलवरून आला. व्याह्यांचा घास हातातच थांबला.

"काय झालं?"

"मागचं चाक. टक् टक् करतंय."

"करू दे हो."

"हो," ते म्हणाले आणि जेवू लागले. दोन घास गेले. तो गृहस्थ पाणी आणायला परत निघाला. टक्, टक्. व्याह्यांनी पाव खाली ठेवला, हात पुसले, दोऱ्या ओलांडल्या आणि त्या अवाढव्य माणसाच्या हातातून सायकल काढून घेतली. मी घाबरून मागे धावलो. व्याह्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवले आणि डोळे मिटून ऐकू लागले. मग खिशातून पाना काढला. सहलीला येताना मी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या मोजून घेतल्या होत्या. त्यांनी पाने घेतले होते, सहा.

दहा मिनिटांत चाक गुपचूप झाले. त्या माणसाने चाक फिरवले, ऐकले, बायकोला बोलावले, तिला ऐकवले, मग मगरीसकट सगळ्या शेजाऱ्यांना ऐकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या तंबूपुढे नऊ सायकली उभ्या होत्या. शिवाय दोन घडीच्या खुर्च्या आणि एक बाबागाडी. माणसे घोळका करून उभी होती. मला घोळका पाहवत नाही. मी वहीची पाने फाडून नंबर लिहिले आणि वाटले. व्याही भांड्यांच्या नळाखालचे एक पसरट पातेले घेऊन बसले. पैसे घेतले नाहीत. लोक मग भोपळी मिरच्या, पाव, चीज, उन्हात लावायचे मलम असे काही ना काही ठेवून जात. गिऱ्हाईक काय बोलते ते त्यांना कळत नव्हते, त्यांचे गिऱ्हाइकाला कळत नव्हते, आणि दोन्ही बाजू बिनदिक्कत बोलत होत्या.

"काय केलंस हे? तेल म्हणून काय घातलंस, लोणी?"

समोरची तरुणी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"मग आईला सांगायचं, लोणी पावाला लावतात."

साडेदहाला शिट्टी वाजली. तळावर धंदा करायला बंदी असल्याची पाटी बाईंनी आम्हाला बोट लावून दाखवली. मी मिरच्या दाखवल्या, रिकामे खिसे उलटे करून दाखवले. बाई व्याह्यांकडे पाहत राहिल्या. ते एका मुलीच्या सायकलचे ब्रेक जुळवत होते. बाई गेल्या आणि पाच मिनिटांनी स्वतःची सायकल घेऊन आल्या. मी त्यांना बारा नंबर दिला. संध्याकाळपर्यंत व्याह्यांच्या लेखी त्या "कुरकुरती चेन" झाल्या होत्या आणि शेजारचा गृहस्थ "टक्‌टक्". आमचा मुक्काम एका रात्रीचा होता, तो पाच रात्रींचा झाला. आम्हाला झाडाखालची जागा मिळाली.

सोळा तारखेला सकाळी चहा पिताना मी विषय काढला. माणूस खुशीत आहे, हीच वेळ, असा माझा हिशेब. मी मुलाचे सगळे मुद्दे क्रमाने मांडले. वय, गुडघे, नातू, चष्मेवाल्याची किंमत.

"तेव्हा व्याहीबुवा, दुकान आता बंद करावं असं मला वाटतं. तुमचं काय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "करू की. तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच म्हणत असाल."

"तुमच्या मनात काही असेल तर सांगा."

"छे छे. काही नाही. बरोबर आहे तुमचं."

इतक्या सहज काम झाल्याचे मला आश्चर्य वाटले नाही, हीच माझी चूक. तीन चमचे साखर मी विसरलो होतो. मी मुलाला निरोप पाठवला, "हो म्हणाले." त्याने लगेच अंगठा पाठवला आणि लिहिले, चष्मेवाल्याला कळवतो, कागद करायला सांगतो.

त्या दिवशी व्याह्यांनी एका सायकलचे पंक्चर काढले, ट्यूब आत बसवली, पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा पाण्यात धरली. बुडबुडा नव्हताच. ते तरी बघत बसले. दुपारी मिरची न खाता ठेवली. मी विचारले, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाले, "छान वाटतंय. वाराही आहे."

वारा मुळीच नव्हता.

चार वाजता टक्‌टक् आला. त्याला बायकोबरोबर घाटाच्या रस्त्याने वरच्या गावी जायचे होते. टायरमध्ये हवा भरून द्या, एवढेच तो खुणेने सांगत होता. व्याह्यांनी हवा भरली, मग त्याच्या बायकोची सायकल जराशी उचलून पुढचे चाक फिरवले, ब्रेक दाबला आणि उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

त्या माणसाने घड्याळ दाखवले, डोंगर दाखवला, हसून खांद्यावर हात ठेवला.

"नाही. ब्रेकची वायर तुटत आलीय. चढ ठीक आहे, उतरणार कशी ती? ही सायकल जाणार नाही."

तो माणूस त्यांच्यापेक्षा दीड फूट उंच होता. त्याने हँडल धरले. व्याह्यांनी दुसऱ्या बाजूने धरले. आवाज चढवला नाही, जागचे हललेही नाहीत. "नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. शेवटी त्या माणसाने हँडल सोडले. वायर बदलून होईपर्यंत दोघे नवराबायको आमच्या पावाच्या शेजारी मुकाट बसले होते.

मी पाच फुटांवर नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन उभा होतो. सहा वर्षांत व्याह्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. म्हणजे शब्द त्यांना येत होता. तो फक्त पाना हातात असताना येत होता. आणि मी विचारले होते चहा पिताना, व्याही म्हणून.

खोटी सही ओळखायला मला कधी पाच मिनिटांहून जास्त लागली नाहीत. सकाळचा तो होकार मी न तपासताच पुढे पाठवला होता.

मी माझी सायकल आणली. वहीतून एक चिठ्ठी फाडली, तिच्यावर पुढचा नंबर लिहिला, सहा, आणि रांगेत उभा राहिलो. पुढे एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ होते. ते म्हातारे मला पुढे जा म्हणत होते. मी हललो नाही.

माझा नंबर आल्यावर व्याही गडबडले. "अहो साहेब, तुम्ही रांगेत कशाला? सांगायचं ना. तुमचं आधी केलं असतं."

"आधी नाही. नंबराने. हा घ्या."

त्यांनी चिठ्ठी घेतली. सायकल उलटी केली, चाक फिरवले. "काय त्रास आहे?"

"सायकलला काही नाही. एक दुकान आहे, त्याचं विचारायचंय. दहा बाय आठ. एकेचाळीस वर्षं चालू आहे. मालकाचे गुडघे वाजतात. काढून टाकावं की राहू द्यावं?"

त्यांनी चाकाकडेच पाहिले. ते फिरत होते. "गुडघे कधी वाजतात?"

"चढावर."

"दुकानात चढ आहे का?"

"एक पायरी आहे."

"पायरीने काही होत नाही." त्यांनी एका तारेला पाना लावला, पाव फेरा दिला. "गिऱ्हाईक आहे का?"

"साडेआठच्या आधीच दारात असतं म्हणे."

"मालक काय म्हणतो?"

"त्याचा काही उपयोग नाही. तो विचारणाऱ्याचं तोंड बघून हो म्हणतो. म्हणून कारागिराला विचारतोय."

चाक थांबले. त्यांनी ते पुन्हा फिरवले. माझ्या मागे बाबागाडीवाली बाई उभी होती, ती वाकून पाहू लागली की एवढे काय बिघडले आहे.

"काढायचं नाही," ते म्हणाले.

"हो की नाही, एक सांगा."

"नाही." मग दुसऱ्या तारेला पाना लावून, "दर वर्षी तीन महिने कुलूप लावून नातवाकडे यावं. कुलपाने काही होत नाही. शटरला तेल घालून ठेवायचं. पण काढायचं नाही. एकेचाळीस वर्षं चाललेली वस्तू काढत नाहीत, साहेब. काढली की ती भंगार होते, आणि मालकही."

"बरं," मी म्हटले.

"चला, पुढचा नंबर."

मी उलटी सायकल तशीच उचलून बाजूला झालो.

रांग संपल्यावर ते हात धुऊन माझ्याकडे आले. पाना खिशात गेला होता आणि चेहरा पुन्हा मुलीच्या वडिलांचा झाला होता. "साहेब, मघाशी मी जरा तोडून बोललो. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर तुम्ही म्हणता तसं करू. खरंच करू."

"व्याहीबुवा, पाना काढा बाहेर."

"कशाला?"

"काढा. आणि आता बोला."

त्यांनी पाना काढला, हातात धरला, त्याच्याकडे पाहिले आणि हसायला लागले. मीही हसलो.

मग मी फोन केला. मुलाला सांगितले की होकार रद्द, नकार आहे.

"बाबा, सकाळी हो म्हणालात."

"सकाळचा माझा होता. हा त्यांचा आहे."

"अहो, तिकडे कागद तयार झालाय. चष्मेवाल्याला मी काय सांगू?"

"नाही सांग. सोपं असतं. मी आज पाहिलं."

तो काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात सूनबाईने फोन घेतला. मागे बाळ रडत होते आणि त्याला कसे धरावे यावर दोन आजींची मते ऐकू येत होती.

"बाबांनी नाही म्हटलं?" ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मला. तोंडावर."

ती म्हणाली, "त्यांना द्या फोन."

मी फोन दिला. व्याही तो घेऊन दोऱ्या ओलांडत नळांपर्यंत गेले. मला एवढेच ऐकू आले: "अगं, विचारलंच त्यांनी तसं, रांगेत उभं राहून. मग गिऱ्हाइकाशी खोटं कसं बोलणार?" पुढे ते बराच वेळ नुसते ऐकत होते, आणि मधून मधून डोळे टोपीने पुसत होते.

त्या दिवशी अंघोळीच्या रांगेत आमचा नंबर आला. मी म्हटले, "जा तुम्ही." ते म्हणाले, "बरं," आणि सरळ आत गेले. मी बाहेर साबण घेऊन उभा राहिलो. एकच साबण होता.

राहिलेल्या दिवसांत आम्ही आणखी तीन तळ पाहिले. चोवीस जुलैला परत पोहोचलो. दोघी विहिणींनी आमच्याकडे पाहून एकाच वेळी विचारले, "इतक्यात?"

चष्मेवाल्याने इसाराची रक्कम अजून दिलेली नव्हती, त्यामुळे ती परत करायचा प्रश्न आला नाही. करारनाम्याचा कागद लिहिणाऱ्याने मात्र त्याची मजुरी पाचशे साठ रुपये आगाऊ घेतली होती. ती मुलाने भरली. चूक माझ्या निरोपाची होती, तेव्हा ते पाचशे साठ मी मुलाला देणे लागतो. अजून दिलेले नाहीत.